गच्चीवरची सातेरी: मध किती मिळेल हे कशावर ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला, टेकडीच्या बाजूला चार मजली इमारत आहे आणि वरची गच्ची तुमच्या वापरात आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे, बहिणीला नुकतंच बाळ झालंय. घरचा खात्रीचा मध मिळावा म्हणून देशी मधमाश्यांची एक पेटी ठेवायची आहे. माश्यांसकट पेटी ऑनलाइन मिळते, तर याच जूनमध्ये मागवावी का, वर्षाला किती मध निघेल आणि सोसायटीत कुणाला माशी चावली तर काय, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या सांभाळते, आणि लोकांच्या भिंतीत, मीटरच्या डब्यात बसलेली मोहोळं न मारता पेटीत हलवून देते. त्या कामातून जे समजलंय ते सांगते. जूनमध्ये पेटी मागवू नका, हे मात्र आधीच सांगून ठेवते. कारणं पुढे येतील.

तुम्ही मधाबद्दल विचारलंय, पण शहरात देशी माशी ठेवणाऱ्याची खरी अडचण मध काढण्याची नसते. माशी टिकवण्याची असते. सातेरी पेटीत भाडेकरूसारखी राहते. जागा सोयीची वाटली, खायला मिळालं, त्रास झाला नाही तर वर्षानुवर्षं राहील. नाहीतर एका सकाळी सगळीच्या सगळी वसाहत राणीसकट उठून निघून जाते आणि मागे रिकामी पोळी उरतात. म्हणून ‘किती मध मिळेल’ याच्या आधी ‘माझ्या गच्चीवर ती बारा महिने राहील का’ हे बघायला लागतं. ती राहिली आणि तिचं भागून काही उरलं, तर ते आपलं.

देशी म्हणजे नेमकी कोणती, हेही आधी स्पष्ट करू, कारण यात फार गोंधळ होतो. आग्या माशी उंच इमारतींच्या सज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीला, मोठ्या झाडाला एकच भलंमोठं पोळं उघड्यावर लटकवते. फुलोरी झुडपात किंवा बाल्कनीतल्या कुंडीतल्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करते, तेही एकच आणि उघड्यावर. या दोघी पेटीच्या अंधारात राहत नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार सोडा. सातेरी अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. झाडाची ढोली, भिंतीतली फट, बंद पडलेला मीटर बॉक्स, जिन्याखालची अडगळ, काहीही चालतं. या सवयीमुळेच तिला चौकटींच्या पेटीत ठेवता येतं. चौथी ती डंख नसलेली बारीक काळी माशी, जिला आपण ट्रायगोना म्हणतो. तिच्याकडे शेवटी येऊ.

ऑनलाइन जी पेटी विकतात ती बहुतेक वेळा इटालियन माशीची असते. तिला मेलिफेरा असंही म्हणतात. 1960 च्या दशकात हिमाचलमधल्या नगरोटा इथे ती आपल्या देशात रुजवली गेली आणि आज व्यापारी मधाचा मोठा भाग तिचाच आहे. माशी वाईट नाही. पण ती जोमानं वाढते आणि तिला त्या मानानं भरपूर फुलोरा लागतो, म्हणून व्यावसायिक मधपाळ तिच्या पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरी, सूर्यफूल, ओवा अशा पिकांमागे फिरवतात. तुमची गच्ची काही फिरणार नाही. शिवाय व्हरोआ नावाचा बारीक कोळी तिला बेजार करतो, त्यावर सतत उपचार करावे लागतात. हा कोळी मुळात सातेरीवरचाच. त्यामुळे सातेरीला तो काबूत ठेवायची रीत माहीत आहे: ती एकमेकींच्या अंगावरून तो काढून टाकते, आणि तिच्या वसाहतीत तो बहुतांशी नरांच्या पिलाव्यातच, म्हणजे घरांत वाढणाऱ्या पिल्लांतच, वाढतो. टंचाईच्या दिवसांत इटालियन माश्या सातेरीच्या पेट्या लुटतात, हेही मी पाहिलंय. शहरात, एका गच्चीवर, कमी कष्टात ठेवायची तर माझं मत सातेरीच्या बाजूनं आहे.

पेटी घेताना माप बघा. सातेरीच्या कामकरी माशीचं मेणाचं घर साधारण साडेचार मिलिमीटर रुंद असतं, इटालियनचं सव्वापाच ते साडेपाच. इटालियनसाठी छापलेला मेणाचा पत्रा सातेरीच्या चौकटीत लावला तर ती त्यावर वेडंवाकडं बांधकाम करते. इटालियनसाठी वापरतात ती मोठी लँगस्ट्रॉथ पेटीही तिला मोकळी मोकळी पडते, तेवढी जागा उबदार ठेवणं तिला जड जातं. सातेरीसाठी लहान पेटी हवी. शंभरेक वर्षांपूर्वी फादर न्यूटन यांनी दक्षिणेत तिच्यासाठी जी पेटी बेतली, त्याच धर्तीची.

आता चाऱ्याबद्दल, कारण सगळं इथे अडतं. सातेरी साधारण एक किलोमीटरच्या आतबाहेर फिरते. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे तीनशे चौदा हेक्टर. तुमच्या गच्चीवरच्या पन्नास कुंड्या त्यात कुठेच बसत नाहीत. तुळस, सब्जा, बडीशेप जरूर लावा, माश्या त्यावर येतात आणि बघायला छान वाटतं, पण वसाहत कुंड्यांवर जगत नाही. ती झाडांवर जगते. एक मोठं करंज किंवा जांभूळ फुललं की त्यावर एकाच वेळी जेवढी फुलं असतात तेवढी अख्ख्या सोसायटीच्या बाल्कन्यांत वर्षभरात उमलत नाहीत.

म्हणून पेटी घेण्याआधी चालत फिरा. गच्चीवरून चारी दिशांना एकेक किलोमीटर जा आणि कुठलं झाड आहे, साधारण किती आहेत, कधी फुलतात हे लिहून काढा. पुण्यात चांगले दिवस जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात: शेवगा, काटेसावर, पांगारा. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब, जांभूळ, करंज, पर्जन्यवृक्ष. पुढे सोनमोहर. चिंच उन्हाळा सरता सरता फुलते. नारळ बारमाही पराग देतो, म्हणून परिसरात नारळाची झाडं असतील तर ती वेगळी टिपून ठेवा. टेकडीजवळ राहता हे चांगलंच, पण टेकडी हिरवी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्प प्रचंड लावलंय. त्याचं फूल मोठ्या काळ्या भुंग्यांच्या मापाचं असतं, त्यावर मी फारशी भिस्त ठेवत नाही. टेकडीचा खरा उपयोग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो. पावसानंतर तिथल्या रानफुलांवर वसाहत पुन्हा उभी राहते.

हे दिवस गावोगावी वेगळे, हे लक्षात ठेवा. मुंबई-ठाण्याला हवा दमट, पाऊस तिपटीहून जास्त, फुलणारी झाडंही काहीशी निराळी. पुण्यातसुद्धा कोथरूडचं गणित हडपसरला लागू पडेलच असं नाही. म्हणून मी कुणालाही परिसर बघितल्याशिवाय किलोचा आकडा देत नाही.

तरी तुम्ही आकडा मागितलाय, तर अंदाज देते. जंगल असलेल्या भागात सातेरीची चांगली पेटी वर्षाला पाच ते दहा किलो मध देते. महाबळेश्वरकडचे लोक जे आकडे सांगतात ते तिथल्या जांभळाचे, हिरड्याचे, आणि आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचे असतात. शहरात जमलेल्या वसाहतीकडून दोन-तीन किलो धरा. झाडी दाट असेल आणि वर्ष चांगलं असेल तर पाचापर्यंत. पहिल्या वर्षी काहीच धरू नका, त्या वर्षी ती पोळी बांधत असते. आणि एखाद्या वर्षी अवकाळी पावसानं ऐन एप्रिलचा मोहर झडला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही हात रिकामे राहतील. हे मान्य असेल तरच पुढे जा.

आता ती निघून का जाते. चार मुख्य कारणं मला दिसतात: भूक, ऊन, सततची उघडझाप आणि किडे-मुंग्या.

भुकेचं लक्षण आधी दिसतं, फक्त बघायची सवय हवी. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पेटीच्या दाराशी दहा मिनिटं नुसतं बसा. पेटी उघडू नका. कामकरी माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळे, केशरी, कधी पांढरे परागाचे गोळे दिसतात. गोळे येतायत म्हणजे आत अळ्या आहेत आणि त्यांना भरवणं चालू आहे. ते येणं आठवडाभर थांबलं, की राणीनं अंडी घालणं कमी केलं असं समजा. निघून जाणारी वसाहत एका दिवसात निघत नाही. आधी पिलावा आटत जातो, साठवलेला मध संपवला जातो, आणि शेवटची पिल्लं बाहेर पडली की सगळे उठतात. हे ओळखता आलं तर हातात एक-दोन आठवडे असतात. त्या वेळात साखरपाणी दिलं, सावली केली, आणि शेजारच्या पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट दिली, तर पुष्कळदा त्या थांबतात. पिलावा सोडून जायला माश्या सहसा तयार नसतात.

इथे दोन पेट्यांचा मुद्दा येतो. एका पेटीनं सुरुवात करू नका, दोन ठेवा. एकीची राणी मेली तर दुसरीतून अंड्यांची चौकट देता येते आणि त्या नवी राणी करतात. राणी गेल्यावर सातेरीच्या कामकरी फार लवकर स्वतः अंडी घालायला लागतात. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, तीही वेडीवाकडी चिकटवलेली दिसली तर तेच झालंय. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात आणि वसाहत संपत जाते. दुसरी पेटी जवळ असेल तर वेळीच काहीतरी करता येतं. पण दोनच्या वर नको, तेवढा चारा आजूबाजूला नसतो.

ऊन हे शहरातलं दुसरं मोठं संकट. पिलाव्याच्या जागी त्यांना साधारण 33 ते 35 अंश तापमान राखायचं असतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला जातो आणि गच्चीवरची फरशी त्याहून कितीतरी जास्त तापते. दुपारी दाराशी बघा: कामकरी ओळीनं उभ्या राहून पंखा घालत असतात. सातेरी तोंड बाहेर आणि पोट दाराकडे करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. इटालियन माशी बरोबर उलटी, तोंड दाराकडे करून आतली हवा बाहेर ओढते. सातेरीच्या पंख्याची हवा गच्चीवरून आत जाते, म्हणजे पेटीसमोरची हवाच भट्टीसारखी असेल तर त्या कितीही राबल्या तरी उपयोग नाही. पेटी फरशीपासून दीड-दोन फूट उंच स्टँडवर ठेवा, सकाळचं ऊन दारावर येईल असं पूर्वेकडे तोंड करा आणि अकरानंतर पूर्ण सावली मिळेल अशी सोय करा. हिरवी जाळी पुरत नाही. वर बांबूची चटई किंवा गवताचं छप्पर, मध्ये हवा खेळायला जागा. जवळच पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि त्यात खडे किंवा नारळाच्या शेंड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात.

हे पाणी पेटी आणण्याआधीच ठेवायला लागा. माश्यांना एकदा शेजाऱ्यांच्या एसीच्या नळीची किंवा गळक्या टाकीची सवय लागली की ती मोडत नाही, आणि सोसायटीतली पहिली तक्रार हमखास तिथूनच येते.

उघडझाप. नवीन माणसाला रोज आत काय चाललंय बघावंसं वाटतं. ते समजू शकते, पण सातेरीला ते चालत नाही. वाढीच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी एकदा, एरवी त्याहून कमी, सकाळी दहाच्या आसपास, आणि काम दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं. अंडी दिसली का, अळ्या पांढऱ्याशुभ्र आहेत का, वरच्या कडेला मध आहे का, खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लांबट राणीघरं लटकतायत का, एवढं बघून बंद. राणी प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असं नाही, ताजी अंडी दिसली म्हणजे ती आहे. नरांच्या घरांच्या झाकणावर मधोमध बारीक भोक दिसेल, त्याला घाबरू नका, सातेरीचं ते तसंच असतं. एरवी पेटीच्या बाजूला हलकी टिचकी मारून बघा. निरोगी वसाहतीतून एकदम ‘स्स’ असा आवाज उठतो आणि लगेच विरतो. आवाज रेंगाळत राहिला तर मात्र पुढच्या दिवशी उघडून बघावं.

अळ्या घरात उताण्या, टोक वर करून मेलेल्या आणि कातडीची पाण्याची पिशवी झाल्यासारख्या दिसल्या, तर तो थाई सॅकब्रूडचा विषाणू समजा. 1991-92 पासून दक्षिणेतल्या राज्यांत त्यानं सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. त्यावर औषध नाही. अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही आणि मधात मात्र उतरतं. अशी चौकट दुसऱ्या पेटीत कधीही घालू नका, आणि जाणत्या माणसाला लगेच दाखवा.

चौथं कारण किडे-मुंग्या. स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्यांचा प्रश्न मिटतो, फक्त त्या वाळू द्यायच्या नाहीत, आणि डास होऊ नयेत म्हणून वरचेवर पाणी बदलायचं. सातेरीला जुनं काळपट मेण कुरतडून खाली टाकायची सवय असते. तो चुरा तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, साचला की त्यात मेणकिड्याची अळी वाढते आणि तिथून वर पोळ्यांत जाळं विणत जाते. महिन्यातून दोनदा तळपाट झाडून काढा. माझ्या मते सातेरी सांभाळण्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपताना दिसेल, दाराशी गांधीलमाशी घिरट्या घालेल. राघूला हाकलायची गरज नाही, तो मोजक्या माश्या खातो. गांधीलमाश्या वाढल्या तर दार लहान करा, म्हणजे पहारा सोपा होतो.

आता पावसाळा, म्हणजे तुम्हाला जूनमध्ये नको का म्हटलं ते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत शहरात मकरंद जवळजवळ नसतो आणि सलग पावसात माश्या बाहेरही पडू शकत नाहीत. जुन्या, भरल्या वसाहतीलाही हे महिने कठीण जातात. त्यात प्रवासानं हलवून आणलेली, पोळी मोडलेली, कमजोर वसाहत टिकणं अवघड. या दिवसांत साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला पाक, थंड करून, संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा लागतो. बाहेर सांडू द्यायचा नाही, नाहीतर मुंग्या आणि दुसऱ्या माश्या लुटायला येतात. पण हा पाक माश्यांच्या जगण्यापुरता. मधकोठी, म्हणजे फक्त मध साठवायचा पेटीचा वरचा मजला, चढवलेली असताना पाक देणं आणि मग तो ‘मध’ म्हणून काढणं, हे मला अजिबात मान्य नाही. माश्यांनी साठवली म्हणून साखर मध होत नाही. शहरात बारा महिने भरघोस मध काढून दाखवणारा कुणी भेटला तर मला पहिली शंका हीच येते.

एवढ्यात काय ठरलं ते एकदा सांगते: माशी सातेरी, पेट्या दोन, त्या लहान मापाच्या, दुपारी सावली, पाणी आधीपासून, आणि झाडांची यादी हातात असल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही.

माश्या कुठून आणायच्या? शक्यतो आपल्याच भागातल्या. महाबळेश्वरची सातेरी थंड हवेत, साडेतेराशे मीटरवर वाढलेली. पुणे साडेपाचशे मीटरवर. डोंगरातली वसाहत एप्रिलमध्ये कोथरूडला आणून ठेवली तर ती राहील याची मी तरी हमी देणार नाही. सगळ्यात चांगला मार्ग थोडा सबुरीचा आहे. रिकामी पेटी आतून मेणानं घासून, जुन्या स्वच्छ पोळ्याचा तुकडा चौकटीला बांधून, सावलीत उंच ठेवायची. पुण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जानेवारी ते मार्च हे वसाहती फुटून थवे निघण्याचे दिवस. जागा पसंत पडली तर थवा आपणहून येतो, आणि जो आपणहून येतो तो सहसा टिकतो. दुसरा मार्ग म्हणजे कुणाच्या भिंतीतलं मोहोळ काढून पेटीत बसवणं. ते जाणत्याकडूनच करून घ्या. त्यात पिलाव्याची पोळी कापून चौकटीत बांधायची असतात आणि पहिले तीन-चार दिवस दाराला राणी अडवणारी जाळी लावायची असते, म्हणजे राणी जाऊ शकत नाही आणि तिच्यावाचून बाकीच्याही जात नाहीत. आत ताजी अंडी दिसली की जाळी काढायची.

आणि शिका. पुण्यातच, गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, 1962 पासूनची. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिकडे गेलात तर जवळचं मांघर गावही बघा, ‘मधाचं गाव’ म्हणून 2022 मध्ये जाहीर झालेलं. माझ्या या उत्तरानं डोकं तयार होईल, पण हात तिथेच तयार होतात. चौकट कशी धरायची, धूर किती द्यायचा, हे वाचून येत नाही.

शेजाऱ्यांबद्दल. सोसायटीची लेखी संमती आधी घ्या. सातेरी स्वभावानं शांत आहे, फुलावर बसलेली माशी कुणाला चावत नाही. पण दारासमोरचा उडायचा रस्ता माणसांच्या डोक्यावरून जाईल असा हवा. पेटीसमोर तीन-चार फुटांवर कठडा किंवा उंच झाडं असली की माश्या उडतानाच वर उचलल्या जातात. रात्री गच्चीवरचा दिवा पेटीच्या जवळ नको, माश्या उजेडाकडे येतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि गाड्यांवर बारीक पिवळे ठिपके पडतील, ती माश्यांची विष्ठा. हे आधीच सांगून टाका, नंतर कळण्यापेक्षा बरं. शेजारच्या इमारतीला आग्याचं पोळं लागलं तरी लोक बोट तुमच्या पेटीकडेच दाखवतील, म्हणून दोन्हींतला फरक समितीला प्रत्यक्ष दाखवून ठेवा. आणि महापालिकेची डासांची धूरफवारणी कधी असते ते विचारून ठेवा. त्या संध्याकाळी माश्या आत आल्या की पेटीवर ओलं सुती कापड टाका, धूर विरला की लगेच काढा.

माशी चावलीच तर डंख ताबडतोब काढा, नखानं खरवडून किंवा कसाही, पण लगेच. विष त्यातून थोडा वेळ आत जात राहतं. जागेवरची सूज आणि आग नेहमीची. पण ओठ-जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं, श्वास लागला, चक्कर आली, तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. घरात किंवा लगतच्या मजल्यावर कुणाला डंखाची अशी ॲलर्जी आधीपासून माहीत असेल, तर पेटी ठेवू नका. यात माझं मत ठाम आहे.

आता मध काढण्याचं. फक्त वरच्या मधकोठीतला घ्यायचा, खालच्या पिलाव्याच्या कोठ्यातला कधीही नाही. चौकटीतली किमान तीन चतुर्थांश घरं मेणानं झाकलेली असली पाहिजेत. उघड्या घरांतला मध पातळ, न पिकलेला असतो. आपल्या अन्न सुरक्षा मानकात मधातल्या पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे. सातेरीचा मध मुळातच जरा पातळ असतो, घाईनं काढला तर ही मर्यादा सहज ओलांडतो आणि मग बरणीत फेसाळून आंबतो. शेवटची काढणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात आटपा, वळवाची दमट हवा येण्याआधी. आणि मधकोठीतल्या सगळ्या चौकटी रिकाम्या करू नका. मी निम्म्याच्या वर मध ठेवून देते, पुढे चार महिने त्यांना काढायचे असतात. पोळं पिळू नका. मेण तयार करायला माश्यांना कितीतरी मध खर्ची घालावा लागतो, म्हणून यंत्रात फिरवून मध काढायचा आणि पोळं जसंच्या तसं परत द्यायचं. दोन पेट्यांसाठी यंत्र विकत घ्यायची गरज नाही, आसपासच्या मधपाळाकडून दिवसभरासाठी मागून आणता येतं.

काढलेला मध जाळीच्या कापडातून गाळून काचेच्या बरणीत भरा. गॅसवर तापवू नका. थंडीत साखरेसारखा कणीदार झाला तर ती भेसळ नव्हे. पाण्यात थेंब टाकून किंवा कापसाची वात पेटवून मधाची पारख होत नाही, त्यावर विश्वास ठेवू नका.

बहिणीच्या बाळाचं मुद्दाम वेगळं लिहिते. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवायची पद्धत आहे. कृपा करून चाटवू नका. घरचा असो, बाजारचा असो, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध द्यायचा नाही. मधात बोट्युलिझमचे जिवाणूबीज असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून जिवावर बेतू शकतं. शुद्धतेचा याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या मुलीला चार वर्षं झालीत, तिला चालेल.

मुलगी लहान आहे म्हणून डंखाची धास्ती वाटत असेल, तर ट्रायगोनाचाही विचार करा. तीन-चार मिलिमीटरची माशी, भिंतीच्या फटीतून डिंकासारख्या राळेची बारीक नळी बाहेर काढून राहते. डंख नाही, फार तर केसांत गुंतते. मध पोळ्यात नसतो, राळमेणाच्या इवल्या कुप्यांत असतो, चवीला आंबटसर. वर्षाकाठी काहीशे ग्रॅमच मिळतो. केरळात ती मडक्यांत, बांबूत, छोट्या लाकडी पेट्यांत घरोघरी पाळतात. तिचं उड्डाण सातेरीपेक्षाही जवळचं, त्यामुळे बाल्कनीतल्या कुंड्यांचा तिला खरोखर उपयोग होतो.

जून ते सप्टेंबर हे चार महिने तुम्ही झाडांची यादी, प्रशिक्षण आणि सोसायटीची संमती यात घालवा. पावसाच्या उघडिपीत टेकडीवर जाऊन कशावर माश्या बसतायत ते बघा. सप्टेंबरअखेर गच्चीवर सावली आणि पाण्याचं भांडं तयार ठेवा, दोन रिकाम्या पेट्या मेण लावून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उंचावर ठेवा. मार्चपर्यंत थवा आला नाही तर जवळच्या मधपाळाकडून चौकटी भरलेल्या दोन वसाहती घ्या, पण एप्रिलचं ऊन सुरू व्हायच्या आत. झाडांची यादी झाली की महिन्यांसकट इथे लिहा. कोणत्या महिन्यात खंड पडतोय ते बघून सांगते.